घरी पहिली ऑल-ग्रेन बीअर करताय? मुंबईत या चुका टाळा

पहिल्यांदा ऑल-ग्रेन (तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बीअर) करणारा प्रत्येकजण मला मॅशबद्दल, म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवून ठेवण्याबद्दल विचारतो, ६५ ठेवू का ६८, ढवळू का नको. आणि मी दर वेळी तेच सांगतो की मॅशमध्ये दोन डिग्री इकडेतिकडे झालं तर बीअर थोडी कोरडी किंवा थोडी जड होईल, ओतून टाकायची वेळ येणार नाही. ती वेळ येते उकळून झाल्यावर, वर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) गार करताना आणि यीस्ट टाकल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत. कारण बहुतेक रेसिपी थंड देशात लिहिलेल्या असतात, त्यांचं रूम टेम्परेचर २० आणि आपल्याकडे पंखा फुल असताना ३१.

त्याआधी एक गोष्ट, महाराष्ट्रात दारू बनवायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, घरचं पातेलं लहान आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. आधी कायदा नीट समजून घ्या आणि विकायचा तर विचारही मनात आणू नका.

आता माल. वाण्याकडचं जव म्हणजे माल्ट नाही, ही चूक इतके लोक करतात की वाईट वाटतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भट्टीत सुकवलेलं जव. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तोच प्रकार. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि स्टार्चची साखर तेच करतात. साधं जव कितीही वेळ गरम पाण्यात ठेवा, पेज होईल, वर्ट होणार नाही.

माल्ट मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ होतं, मॅशची जाळीदार पिशवी चोंदते आणि सालं बारीक झाली की चव तुरट येते. पीठगिरणीत न्यायचं असेल तर काकांना नीट सांगा की पीठ नकोय, लापशीपेक्षाही जाड भरड हवीये, दाणा फुटला पाहिजे पण साल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. आधीचं दळण पूर्ण निघून जाऊ द्या. आणि जिथे मिरची-मसाला कुटतात तिथे अजिबात नेऊ नका, तो वास बीअरमध्ये उतरतो.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहे. भातसा, वैतरणा, तानसाचं तलावाचं पाणी, क्षार कमी, फिक्या बीअरला चांगलं. अडचण फक्त क्लोरीनची. तो माल्टमधल्या फिनॉलशी जुळला की बँडेजसारखा, दवाखान्यासारखा वास येतो आणि मग तो काही केल्या जात नाही. त्यामुळे आदल्या रात्री पाणी उकळून उघडं ठेवा, किंवा सरबताच्या सिरपात घालतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), त्याची अगदी छोटी चिमूट पुरते. नुसतं आरओचं पाणी वापरलंत तर त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, १५ लिटरला ३ ग्रॅम जिप्सम टाका. आणि टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर हे सगळं गणित बदलतं, ते आधी तपासून घ्या.

मॅशचं थोडक्यात सांगतो. १० लिटर बीअरसाठी साधारण अडीच किलो माल्ट, १५ लिटर पाणी, पातेलं किमान २० लिटरचं. माल्ट ठेवायला पडद्याच्या जाळीदार कापडाची पिशवी शिवून घ्या आणि तळाला उलटी ताटली ठेवा, नाहीतर पिशवी जळते. मुंबईत माल्ट मुळातच ३० डिग्रीला असतं म्हणून पाणी ६८-६९ ला असलं तरी माल्ट टाकल्यावर ६६ वर येतं, थंड देशातल्या आकड्याने ७२ वगैरे केलंत तर जास्त होईल. थर्मामीटर मात्र आधी तपासा, बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवला पाहिजे (आपण समुद्रसपाटीला आहोत म्हणून १००, पुण्यात ९८ च्या आसपास दाखवेल). तासाभराने चमचाभर वर्ट पांढऱ्या बशीत घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, काळानिळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. बशीतलं पातेल्यात परत ओतू नका. नंतर पिशवी बाहेर काढून तासभर खळखळून उकळी द्यायची आणि झाकण न ठेवता, झाकलंत तर उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो.

इथून पुढे खरी काळजी. उकळी थांबली की त्या वर्टला जे जे लागेल ते सगळं स्वच्छ आणि निर्जंतुक हवं, पण डेटॉल, फिनाईल नको, वास धरतात. नळाच्या पाण्याने वर्ट ३५ च्या खाली जायचं नाव घेत नाही कारण नळाचंच पाणी मे महिन्यात कोमट असतं. आधी नळाच्या पाण्याच्या टबात पातेलं ठेवून ४० पर्यंत आणा, मग ते पाणी फेकून बर्फाचं पाणी भरा. बर्फाची लादी फोडून आणली तर स्वस्त पडते. बर्फ वर्टमध्ये टाकायचा नाही, तो स्वच्छ नसतो. आणि गार होताना झाकण लावा, पंखा बंद करा, पावसाळ्यात हवेत बुरशी असतेच.

माझी पहिली बॅच मी ऑक्टोबर हीटमध्ये केली. यीस्टच्या पाकिटावर १८ ते २२ डिग्री लिहिलेलं होतं, घर ३२ वर होतं आणि मला वाटलं की यीस्टला ऊब आवडते, पावाला नाही का लागत. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (बादलीच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी झडप) धडाधड बुडबुडे सोडत होता आणि मी खूश. तीन आठवड्यांनी चव घेतली तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झटका, घशात जळजळ, एका ग्लासात डोकं धरलं. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, वर्ट आंबत असलेल्या बादलीतलं तापमान खोलीपेक्षा काही डिग्री वर जातं, आणि गरमीत ते जड अल्कोहोल बनवतं. ते नंतर मुरून जात नाहीत. मी सगळी बॅच मोरीत ओतली आणि खरंच रडू आलं, कारण दिवसभर राबलो होतो.

ओला टॉवेल गुंडाळा असं सगळीकडे सांगतात. नागपूरला उपयोग होईल, मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही तर गार काय होणार, माठाचंही तेच होतं इथे. दोन रस्ते आहेत. एक, मासळी बाजारातला थर्मोकोलचा मोठा खोका धुऊन घ्या, त्यात बादली, भोवती पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदला. पहिले तीन-चार दिवस चुकवू नका. दुसरा रस्ता, आणि पहिल्या बॅचला मी हाच सांगेन, क्वाइक यीस्ट वापरा. नॉर्वेच्या खेड्यांतलं जुनं यीस्ट आहे, व्हॉस नावाचा प्रकार तर ३५-४० ला मजेत चालतो आणि वर संत्र्यासारखा हलका वास देतो. थंड देशातलं यीस्ट आपल्या उकाड्याला इतकं कामी येईल असं वाटलं नव्हतं. कुठलंही यीस्ट कुरिअरने आलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, उन्हात फिरलेलं पाकीट अर्धं मेलेलं असतं.

बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं नाही, आणि दिसत नाहीत म्हणजे बिघडलं असंही नाही, झाकण जरा सैल असलं तरी दिसत नाहीत. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) वापरा. तो बहुतेक २० डिग्रीसाठी बनवलेला असतो, ३० ला वाचलात तर आलेल्या आकड्यात साधारण ०.००२ मिळवा. तीन दिवस आकडा तोच आला की मगच बाटल्या भरायच्या. कच्ची भरलीत तर काच फुटते, घरात लहान मुलं असतात, यात घाई करू नका. बाटलीत गॅस तयार व्हायला साखर लिटरला ६ ते ७ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नको. बाटल्या जाड तपकिरी बीअरच्याच घ्या आणि एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरा, ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्यांमध्येही गॅस तयार झालाय असं समजायचं. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत होतं. उघडायच्या आधी पूर्ण एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि ओतताना तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या.