शाळा व्यवस्थापन समितीत जाताय? आधी एवढं करा

पालकसभेत कुणी नाव सुचवलं की लगेच हो म्हणू नका. मूल त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत हवं, बैठकांना वेळ हवा, हे सांगायला नकोच. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 21 मात्र घरून वाचून जा, पानभराचंही नाही. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे तिथे आपण पाहुणे नसतो.

स्वतःची वही न्या. शाळेच्या इतिवृत्त रजिस्टरमध्ये काय उतरतंय ते स्वतः बघा. मी गेल्या खेपेला बघितलं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ होता, पाणी नव्हतं. तोटी फिरवली की नुसती हवा यायची. जावं लागू नये म्हणून पोरी शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नसत. मी पोटतिडकीनं बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी जायची घाई होती, न वाचता सही केली. सहा महिन्यांनी रजिस्टर उघडलं तर एकच ओळ: ‘आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा झाली.’ खाली माझी सही. ठराव नाही म्हणून शाळा विकास आराखड्यात काम नाही, आराखड्यात नाही म्हणून पैसे नाहीत. पोरींनी वर्ष तसंच काढलं.

म्हणून विषय बैठकीआधी लेखी द्या, पोच घ्या. ठराव तिथेच, तुमच्यासमोर लिहून घ्या: क्रमांक, सूचक, अनुमोदक, काम कुणी आणि कधीपर्यंत करायचं. मग वाचा. मगच सही. खाली कोरी जागा असेल तर आधी रेघ मारायला लावा. “ताई, मी नंतर लिहितो, तुम्ही सही करून जा,” असं कुणी म्हटलं तर उठू नका. उशीर झाला तर होऊ दे. वाचल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही.

पैशांचं बघताना पासबुक आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शेजारी ठेवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. शंभराच्या वर अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्या नळासाठी तिथेच बोट ठेवलं असतं.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो. तो मार्चमध्ये आठवून उपयोग नाही, डिसेंबरच्या आत मागे लागा. ठराव क्रमांक त्यात आलाय का बघा.

पोषण आहार एकदा न सांगता जाऊन खा. पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. गणवेश, हजेरी, वर्गखोल्यांची गळती, जमेल तसं बघा.

पुढच्या बैठकीत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. ‘वाचलं असं समजू’ म्हणतील. समजू नका, मोठ्यानं वाचायला लावा.