सातारचा डोंगर घरबसल्या कसा वाचायचा: टोपोशीट आणि सॅटेलाइट फोटो

कासच्या पलीकडचा कोयनेचा भाग जायच्या आधी घरबसल्या कसा बघून ठेवायचा असं बरेच जण विचारतात, म्हणून मी कसं करतो ते लिहितोय. मी काही भूगोलवाला नाही, डोंगर फिरत आणि चुकत चुकत शिकलोय. एक आधी डोक्यात घ्या, फोटोत आज तिथं काय आहे ते दिसतं पण उंची कळत नाही आणि नकाशात उंची कळते पण तो असतो जुना, त्यामुळं दोन्ही शेजारी शेजारी उघडूनच बसायचं.

सामान फुकटचंच आहे. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो टाका (मोबाइलवरचं नको, त्यात निम्मी कामं होत नाहीत). सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर नाव नोंदवलं की पन्नास हजाराच्या स्केलची टोपोशीट (डोंगरांची उंची दाखवणारे सरकारी नकाशे) पीडीएफमध्ये उतरवता येतात. जुन्या नंबरात कास येतं ४७ जी/१४ मध्ये, वासोट्याचा किल्ला ४७ जी/१० मध्ये, आणि सातारा शहर नेमकं ७४ रेखांशाला टेकून बसलंय म्हणून शहरासाठी शेजारचं ४७ के/२ पण लागतं, आपलं नशीब.

सुरुवात वासोट्यापासून करू नका. जो डोंगर रोज दिसतो तो घ्या, म्हणजे अजिंक्यतारा नाहीतर यवतेश्वर. पन्नास हजाराच्या शीटवर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, आणि तपकिरी कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला एक, पाचवी रेषा जाड. आता पट्टी लावा. १ सेंटिमीटरात ५ रेषा आल्या तर ५०० मीटर चालण्यात १०० मीटर चढ, गप्पा मारत जाता येतं. १० आल्या तर दम निघतो. आणि रेषा एकमेकींना चिकटून नुसता तपकिरी पट्टा दिसायला लागला की तो कडा, तिथनं वाट शोधत बसू नका. पाचगणीचं टेबललँड बघा, कडेनं दाटी आणि मध्ये जवळपास मोकळं, एकदा ते डोळ्यात बसलं की सगळी पठारं ओळखू येतात. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांवर दोन वेगळी गोल वेटोळी आणि मध्ये चिंचोळी जागा दिसेल, ती खिंड. ओढा का सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) हे कळायला रेषेचं टोक बघायचं, ओढ्यात ते डोंगराच्या वरच्या अंगाला शिरतं आणि सोंडेवर खालच्या अंगाला लोंबतं.

आता फोटोची सगळ्यात मोठी गंमत, जिच्यात मी कितीतरी दिवस फसलो होतो. कधीकधी दरी डोंगरासारखी फुगलेली दिसते आणि डोंगर खड्ड्यासारखा. डोळे बिघडलेले नसतात. आपल्याला उजेड वरून येतो अशी सवय असते आणि हे फोटो बहुतेक सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास काढलेले असतात, तेव्हा सूर्य आग्नेयेला, म्हणजे स्क्रीनवर खालच्या उजव्या बाजूला असतो आणि सावली वर डावीकडं पडते. उपाय सोपा आहे, नकाशा फिरवून दक्षिण वर घ्या, डोंगर टुणकन डोंगर होतो. उजेड कुठून आलाय याची खात्री करायला मी चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघतो, सपाट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पांढरा ठिपका आणि त्याची लांब बारीक सावली सुईसारखी पडलेली असते. सावली लांबच लांब असेल तर फोटो हिवाळ्यातला, आखूड असेल तर उन्हाळ्याकडचा.

तारीख बदलून बघणं तर सोडूच नका, वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आहे. पावसाळ्यातले फोटो ढगांनी भरलेले, त्यांचा उपयोग नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळं हिरवं, तेव्हा कातळाचा सडा आणि रान वेगळं काढता येत नाही. एप्रिल-मेला सडे तपकिरी-काळपट होतात, पानगळीमुळं पायवाटांच्या फिक्या रेघा दिसतात आणि शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरल्यानं काठाला मातकट पट्टा उघडा पडतो. अमेरिकन आर्मीनं १९५० च्या दशकात छापलेले अडीच लाखाच्या स्केलचे नकाशेही नेटवर मिळतात, ते धरणाच्या आधीचे, तिथं जलाशयाच्या जागी कोयनेची नुसती निळी रेघ आहे. तो नकाशा आणि आजचा फोटो एकावर एक ठेवला की मी अर्धा तास तसाच बसतो.

मग एलेव्हेशन प्रोफाइल, म्हणजे एका रेघेवरच्या चढउताराचा आलेख, काढा. अर्थमध्ये पाथ टूलनं कण्हेर धरणाच्या पाण्यापासून कासचं पठार ओलांडून उरमोडी धरणाच्या पाण्यापर्यंत रेघ ओढा, तिच्यावर राइट क्लिक करा, शो एलेव्हेशन प्रोफाइल. मधली चढण म्हणजे वेण्णा आणि उरमोडी या नद्यांचं पाणी वाटणारी धार. दुसरी रेघ हेळवाकजवळून पोफळीकडं. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला येते आणि हेळवाकला काटकोनात वळून पूर्वेला कऱ्हाडची वाट धरते, पण त्याच वळणापासून कोकण अगदी हाकेवर आहे आणि जमीन एकदम कोसळते. पाणी पश्चिमेला बोगद्यातून सोडून पोफळीला वीज का करतात ते या एका रेघेत कळतं.

पण या प्रोफाइलवर आंधळा भरवसा नको. खालचं उंचीचं मॉडेल बऱ्याच ठिकाणी साधारण ३० मीटरला एक आकडा एवढंच बारीक असतं, त्यामुळं उभा कडा मेण वितळल्यागत उतार होऊन बसतो. वासोट्याचा बाबुकडा थ्रीडीमध्ये बघा आणि मग टोपोशीटवर बघा, पहिल्यात घसरगुंडी, दुसऱ्यात रेषांचा गोळा. मी एकदा असंच स्क्रीनवर सोपी दिसणारी सोंड उतरायला घेतली, पाऊण वाटेत खाली तीन माणसं उंचीचा टप्पा निघाला आणि सगळी चढण परत चढावी लागली, पाणीही संपलेलं.

शेवटी खुणा, वाटा सगळं केएमएल फाइलमध्ये (नकाशावरच्या खुणा साठवायची फाइल) सेव्ह करून फोनवरच्या ऑफलाइन नकाशात टाका आणि घरीच एकदा फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ती उघडतेय का बघा, कोयनेच्या खोऱ्यात रेंज मिळेल या भरवशावर जाऊ नका. वासोट्याला जाणार असाल तर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून मगच बोटीत बसायचं, आणि बोटवाल्या मामांना शीट उघडून दाखवा, कुठली घळ काय नावाची ते सांगतील, ते तिथंच पेन्सिलनं लिहून घ्या.