लोहाधारित अतिसंवाहकांतील चुंबकत्व तपासताना या चुका टाळा

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००८ साली फ्लोरीन मिसळलेल्या लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडमध्ये २६ केल्विनला अतिसंवाहकता (ठरावीक तापमानाखाली विद्युत रोध शून्य होणे) दाखवली. लोह चुंबकीय, आणि चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे वैरी, असे शिकलेल्यांना हा धक्काच होता. मात्र या संयुगांतले चुंबकत्व खिळ्यातल्या लोखंडासारखे नाही. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये सुमारे १४० केल्विनखाली लोहाचे चुंबकीय आघूर्ण (प्रत्येक अणूचे इवलेसे चुंबक) एका दिशेत आलटून-पालटून उलटे आणि दुसऱ्या दिशेत समांतर, अशा पट्ट्यांत मांडले जातात.

ही मांडणी पूर्णपणे मोडल्याशिवाय अतिसंवाहकता येत नाही, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. थोडे कोबाल्ट मिसळलेल्या याच संयुगात दोन्ही अवस्था एकत्र सापडतात आणि अतिसंवाहकता सुरू होताच न्यूट्रॉन प्रयोगातला चुंबकीय संकेत क्षीण होतो, कारण दोघी त्याच इलेक्ट्रॉनांवर हक्क सांगत असतात. उलट, आधी चुंबकीय मांडणी दिसलीच पाहिजे असेही नाही. लोह सेलेनाइडची जालकरचना (स्फटिकातील अणूंची ठेवण) ९० केल्विनच्या आसपास बदलते, पण सामान्य दाबाखाली चुंबकीय मांडणी न होताच ते सुमारे ८ केल्विनला अतिसंवाहक होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका नमुन्यात दोन्ही संकेत मिळाले की सहअस्तित्व जाहीर करणे. पोटॅशियम-लोह-सेलेनाइडमध्ये ३० केल्विनच्या आसपासची अतिसंवाहकता आणि ५०० केल्विनच्याही वर टिकणारे प्रबळ चुंबकत्व एकत्र दिसले. पुढे कळले की लोहाच्या रिकाम्या जागा शिस्तीने मांडलेला चुंबकीय भाग आणि अतिसंवाहक भाग नॅनोमीटर पातळीवर शेजारी-शेजारी नांदत होते. म्हणून चुंबकीय अणूंचे प्रमाण सांगणारे म्यूऑन (नमुन्यात सोडलेले सूक्ष्म कण) किंवा मॉसबाउअर (अणुकेंद्रकांनी शोषलेले गॅमा किरण) मापन आधी करावे. लोह-५७ हे समस्थानिक मॉसबाउअरसाठी सोयीचेच आहे.

प्रयोगशाळेतले घोळ याहून साधे असतात. रोध शून्य झाला म्हणजे सगळा नमुना अतिसंवाहक झाला असे नव्हे. एक अखंड धागासुद्धा तेवढे काम करतो, त्यामुळे प्रतिचुंबकीय (चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणाऱ्या) भागाचे प्रमाण मोजावेच लागते, आणि पातळ चकतीसारख्या नमुन्यात आकारानुसार दुरुस्ती न केल्यास ते प्रमाण शंभर टक्क्यांच्या पुढे जाते. अभिक्रियेत उरलेले लोह किंवा मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) अतिसंवाहक नसलेल्या सामान्य अवस्थेत मोठी लोहचुंबकीय पार्श्वभूमी देते. तिला नमुन्याचा गुण समजण्यापूर्वी क्षेत्र वाढवत चुंबकन मोजावे: थोड्याशा अशुद्धीचा वाटा लवकर संपृक्त होतो, म्हणजे पुढे वाढत नाही. कमी क्षेत्रात शून्यक्षेत्री थंड केलेली वक्ररेषा (क्षेत्राशिवाय थंड करून मग मोजलेले चुंबकन) उलटी, म्हणजे धन, निघाली, तर नव्या भौतिकीचा विचार करण्याआधी चुंबकाच्या वेटोळ्यात उरलेले क्षेत्र तपासावे.

स्फटिक वाढवण्यासाठी कथिलाचा द्रावक (घटक विरघळवणारे वितळलेले कथिल) वापरला असेल, तर कथिल आत शिरून बेरियम-लोह-आर्सेनाइडचे चुंबकीय संक्रमण १४० वरून सुमारे ८५ केल्विनपर्यंत घसरते. अशा स्फटिकाची तुलना लोह-आर्सेनाइडच्याच द्रावकात वाढवलेल्या स्फटिकाशी केली, तर कथिलाचा परिणाम मुद्दाम मिसळलेल्या मूलद्रव्याच्या खाती जमा होतो.