दीर्घिकांचे आकार मोजायला शिकताना

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या पदार्थाच्या गुरुत्वामुळे किंचित वळतो आणि तिचा आकार जेमतेम १ टक्का ताणला जातो. या ताणाला आम्ही शिअर म्हणतो. दीर्घिका मुळातच गोल नसतात, त्यांची स्वतःची लंबगोलता या ताणाच्या २०-३० पट असते. म्हणून एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही, लाखोंची सरासरी घ्यावी लागते.

पीएचडीच्या सुरुवातीला मी हेच धरून बसले होते, की सरासरीत सगळ्या चुका धुऊन निघतात. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका निघतात. एकाच बाजूला झुकलेली चूक मात्र तशीच राहते, आणि दीर्घिका जितक्या जास्त तितकी तीच निकालावर राज्य करते.

आमच्याकडे या चुकांची दोन नावं रोज कानावर पडतात: एम आणि सी. मोजलेलं शिअर म्हणजे खऱ्या शिअरला (१ + एम) ने गुणून त्यात सी मिळवलेलं. सी बहुतेकदा दुर्बिणीच्या धूसरपणातून, म्हणजे पीएसएफमधून येतो आणि ताऱ्यांशी ताडून पाहिलं तर पकडता येतो. एम फसवा. तो चुकला तरी नकाशात कुठेही डाग दिसत नाही. फक्त विश्वातला पदार्थ आहे त्यापेक्षा कमी किंवा जास्त गुठळलेला वाटतो, आणि नेमकं तेच तर आपण मोजायला निघालेलो असतो! हेच शिअर मोजायला निघालेली युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली. तिच्यासाठी एम ०.००२ च्या आत माहीत असावा लागतो.

माझा पहिला धडा नॉईजचा, म्हणजे प्रतिमेच्या पिक्सेलमध्ये येणाऱ्या विस्कळीत खरखरीचा. गॅलसिम हे दीर्घिकांच्या प्रतिमा तयार करणारं सॉफ्टवेअर वापरून मी कृत्रिम दीर्घिका बनवल्या, ठरावीक शिअर दिलं आणि आपल्याच कोडने ते परत मोजलं. नॉईज नसताना एम जवळपास शून्य. नॉईज घातला आणि एम काही टक्क्यांनी सरकला. तीन आठवडे मी कोडमधली चूक शोधत होते. चूक नव्हतीच. लंबगोलता हा भागाकार आहे आणि पिक्सेलमधला नॉईज छेदातही शिरतो. अंश आणि छेद दोन्ही डळमळत असले की भागाकारांची सरासरी खऱ्या उत्तरावर बसत नाही. २०१२ च्या सुमारास यावर चांगले शोधनिबंध आले आहेत. ते मी आधी वाचायला हवे होते.

दुसरा धडा निवडीचा, आणि तो जास्त छुपा आहे. फार छोट्या, अंधुक दीर्घिका गाळायला आपण सहज एक कट, म्हणजे किमान मर्यादा, लावतो. पण पीएसएफच्या दिशेने ताणलेली दीर्घिका कटमधून थोडी सहज पार होते, आडवी ताणलेली गळते. मोजमाप अगदी अचूक असलं तरी उरलेला नमुनाच झुकलेला असतो. २०१७ मध्ये मांडलेली मेटाकॅलिब्रेशनची युक्ती मला म्हणूनच फार आवडते. खऱ्या प्रतिमेलाच हाताने थोडं शिअर द्यायचं, पुन्हा मोजायचं, कटही पुन्हा लावायचा आणि उत्तर किती हललं ते पाहायचं.

सराव करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी साधी गाउसियन (मधे उजळ, कडेला हळूहळू विरणारी) दीर्घिका आणि साधा पीएसएफ, मग खरे वाटणारे आकार, मग नॉईज, मग कट. दर पायरीला एम वहीत लिहा. प्रत्येक दीर्घिकेची ९० अंशांत फिरवलेली जोडी घ्या, म्हणजे मूळ लंबगोलता आपसात रद्द होते आणि कमी प्रतिमांत काम भागतं. घातलेलं शिअर सहकाऱ्याला ठरवू द्या, तुम्हाला ते शेवटीच कळावं. शिअर मोजण्याच्या पद्धती पारखणाऱ्या २००६ च्या स्टेप स्पर्धेपासून ही रीत चालत आली आहे. उत्तर माहीत असलं की हात नकळत तिकडे वळतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे.

ब्लेंडिंग, म्हणजे प्रतिमेत दीर्घिका एकमेकींवर येणं, सर्वात शेवटी घ्या. डार्क एनर्जी सर्व्हे या मोठ्या आकाश-पाहणीच्या तिसऱ्या वर्षाच्या विश्लेषणात एम सुमारे उणे २ टक्के निघाला, तो मुख्यतः एकमेकींवर आलेल्या दीर्घिकांमुळे. त्या दोघी वेगवेगळ्या अंतरावर असतात, दोघींना वेगळं शिअर मिळालेलं असतं, आणि आपलं कोड त्यांना एकच समजून मोजतं. माझं सध्याचं काम इथेच चालू आहे.