लघवीतून ब्लॅडर कॅन्सर शोधायच्या प्रोजेक्टवर रुजू होताय? आधी कंट्रोल कोण ते विचारा

एमएस्सी बायोटेक झालेल्या दोघीतिघींनी मला विचारलं की ब्लॅडर कॅन्सरच्या मॉलिक्युलर मार्करवर (म्हणजे आजाराची खूण देणारा डीएनएतला बदल किंवा प्रोटीन) प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघालीये, घेऊ का. जरूर घ्या, काम फार मोलाचं आहे, फक्त मला पहिल्या वर्षी जे कुणी सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते.

हे मार्कर शोधायचे कशाला ते आधी ओपीडीत बसून बघा. मी पहिल्यांदा सॅम्पल आणायला गेले तेव्हा साठीचे एक काका होते, बरीच वर्षं बिडी ओढलेली, गाठ एकदा दुर्बिणीतून खरवडून काढलेली, आणि आता तीन महिन्यांनी परत दुर्बीण. संमतीपत्रावर सही करताना म्हणाले, "पोरी, ह्या बाटलीनं दुर्बीण टळंल का?" मला उत्तर देता आलं नाही. हा कॅन्सर सापडतो तेव्हा साधारण चारातल्या तिघांचा स्नायूपर्यंत पोचलेला नसतो, त्यामुळे माणूस जगतो पण गाठ पुन्हापुन्हा येते म्हणून वर्षानुवर्षं आत नळी घालून तपासत राहावं लागतं. लघवीतल्या पेशी बघून निदान करायची पद्धत पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ मधे मांडली, पॅप स्मिअरवाले तेच पापानिकोलाऊ, आणि हाय ग्रेड (पेशी खूप बिघडलेल्या, आक्रमक) गाठीसाठी ती आजही चांगली आहे पण लो ग्रेड गाठीच्या पेशी नॉर्मलसारख्याच दिसतात त्यामुळे तिथे ती चुकते. मार्करची सगळी धडपड मुख्यतः त्या फटीसाठी आहे.

वाचायला सुरुवात एफजीएफआर३ पासून करा. लो ग्रेड गाठींमधे ह्या जीनचे म्युटेशन्स भरपूर असतात, एस२४९सी हे नाव तर तुम्हाला पाठच होईल, आणि २०१९ मधे एफजीएफआरवर चालणारं अर्डाफिटिनिब अमेरिकेत मंजूर झालं तेव्हापासून हा मार्कर औषध ठरवायलाही लागतो. स्नायूत घुसणाऱ्या गाठींमधे टीपी५३, आरबी१ ह्या जीनचे म्युटेशन्स जास्त दिसतात. टर्ट जीनच्या प्रमोटरचे (जीन चालू-बंद करणाऱ्या भागाचे) दोन बदल, सी२२८टी आणि सी२५०टी, दोन्ही प्रकारांत सापडतात म्हणून ते शोधायला सोयीचे. फिशमधे, म्हणजे क्रोमोसोमला चमकणारे प्रोब लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या टेस्टमधे, ३, ७ आणि १७ ह्या क्रोमोसोमच्या वाढीव कॉपी मोजतात आणि ९पी२१ हा नवव्या क्रोमोसोमचा तुकडा गेलाय का बघतात, टेस्ट चांगली पण महाग आणि वाचायला तयार डोळा लागतो.

आता माझं जे चुकलं ते. आमचा मार्कर एक प्रोटीन होता, एलायझावर (अँटीबॉडी वापरून प्रोटीन मोजायची टेस्ट) मोजायचो. वीस पेशंटचे सॅम्पल आणि कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला कॅन्सर नसलेल्या, वीस हॉस्टेलच्या मैत्रिणींचे, सगळ्या तेवीस-चोवीसच्या, धडधाकट. ग्राफ इतका सुंदर आला की मी रात्री घरी आईला फोन करून सांगितलं. मग गाईड म्हणाल्या की आता मुतखड्याचे, इन्फेक्शनचे आणि प्रोस्टेटचे पेशंट घाल, आणि घातल्यावर दोन्ही गट एकमेकांत मिसळले. आम्ही कॅन्सर मोजतच नव्हतो, लघवीतलं रक्त आणि सूज मोजत होतो. एनएमपी२२ आणि बीटीए ह्या मान्यता मिळालेल्या टेस्टनाही हाच त्रास आहे, खडा किंवा इन्फेक्शन असलं की खोट्या पॉझिटिव्ह येतात. त्यामुळे इंटरव्ह्यूलाच विचारा की कंट्रोल कोण घेणार. रक्त जातंय पण दुर्बिणीत गाठ नाही असा, त्याच वयाचा माणूस हवा, आणि आपल्याकडे मूत्रमार्गाचा टीबी असलेलेही त्यात यायला हवेत.

आकडेमोड पण करून बघा. समजा टेस्टची सेन्सिटिव्हिटी (कॅन्सर असलेल्यांतले किती सापडतात) ८० टक्के आणि स्पेसिफिसिटी (कॅन्सर नसलेल्यांतले किती निगेटिव्ह येतात) ९० टक्के, ऐकायला झकास. लघवीतून रक्त जाणारे १००० लोक आले, त्यात ५० जणांना कॅन्सर आहे असं धरा. ४० सापडतील, १० सुटतील, आणि कॅन्सर नसलेल्या ९५० मधले ९५ उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १३५ जणांना घाबरवलं आणि त्यातले ४० खरे. हे गणित कळलं की पेपर वाचायची नजर बदलते.

बेंचवरचं थोडं. सकाळची पहिली लघवी घेऊ नका, रात्रभर आत राहून पेशी खराब झालेल्या असतात, दुसरी घ्या. सॅम्पल बर्फात आणा, शक्य तितक्या लवकर सेंट्रिफ्यूज करा, तळाला बसलेला पेशींचा गोळा पीबीएस ह्या मिठाच्या बफरने धुवा, नाहीतर लघवीतले क्षार आणि युरिया पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) अडवतात. टर्ट प्रमोटरमधे जीसी (डीएनएतली जी आणि सी ही अक्षरं) इतकं जास्त आहे की साध्या पीसीआरला बँडच येत नाही, मी दीड महिना प्रायमर बदलत बसले होते आणि शेवटी डीएमएसओ हे रसायन घातल्यावर चाललं. आणि सँगर सिक्वेन्सिंगवर (डीएनएची अक्षरं वाचायची जुनी पद्धत) विसंबू नका, म्युटंट डीएनए १५-२० टक्क्यांच्या खाली असला तर सँगरला तो सहसा दिसत नाही आणि लघवीत तो बऱ्याचदा त्याहून कमी असतो, तिथे डिजिटल पीसीआर किंवा डीप सिक्वेन्सिंग लागतं.

अजून एक, बायकांचे सॅम्पल मुद्दाम मिळवा. हा कॅन्सर पुरुषांत जास्त, पण बाईच्या लघवीतून रक्त गेलं की इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात आणि निदानाला उशीर होतो. आमच्या पहिल्या बॅचमधे वीसात दोनच बायका होत्या.

काका पुढच्या तपासणीला भेटले तेव्हा मी सांगितलं की दुर्बीण आत्ता टळणार नाही, कुठलीच लघवीची टेस्ट अजून तिची जागा घेऊ शकत नाही, पण टेस्ट निगेटिव्ह असली तर दोन दुर्बिणींमधलं अंतर वाढवता येईल का यावर काम चाललंय. ते म्हणाले, "मग घे की अजून एक बाटली."