जुन्या लॅपटॉपवर पपी लिनक्स: सीडीवरून चालू करण्यापासून वायफाय रुसेपर्यंत सगळं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरोघरी धडधाकट लॅपटॉप भंगारात द्यायच्या गोष्टी चालल्यात, ते बघून खरंच जीव तुटतो. २ जीबी रॅमचा, हार्डडिस्क कुरकुरणारा लॅपटॉपसुद्धा पपी लिनक्सवर व्यवस्थित काम देतो. पपी ही ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली, विंडोजच्या जागी चालणारी छोटी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. आता ते निवृत्त झालेत आणि कम्युनिटी ती पुढे चालवते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. पपी सीडीवरून चालू होते पण चालते रॅममध्ये. सीडीवर मुख्य फाइली मोजक्याच असतात, कर्नल (सिस्टीमचा गाभा), इनिटआरडी (सुरू होताना लागणारी छोटी फाइल) आणि एक मोठी एसएफएस फाइल ज्यात बहुतेक सगळी सिस्टीम दाबून भरलेली असते, आणि रॅम पुरेशी असेल तर ती एसएफएस सरळ रॅममध्ये कॉपी होते. म्हणून जुनं मशीनही एवढं चटपटीत वाटतं, कारण हार्डडिस्कला हात लावायची वेळच येत नाही. तुम्ही केलेले बदल, म्हणजे वायफायचा पासवर्ड, वॉलपेपर, टाकलेलं सॉफ्टवेअर, हे सगळं या एसएफएसच्या वर एका वेगळ्या थरात साठतं आणि बंद करताना ते एका सेव्ह फाइलमध्ये ठेवायचं असतं. नाही ठेवलं तर गेलं. मूळ सिस्टीम मात्र कधीच बदलत नाही.

कुठली पपी घ्यायची? पपी म्हणजे एकच डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) नाही, कुटुंब आहे. ६४-बिट मशीन असेल तर बुकवर्मपप६४ घ्या, ती डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेली आहे. फॉसापप६४ ९.५ पण छान आहे, आयएसओ, म्हणजे डाउनलोड करायची सीडीची अख्खी प्रत, साधारण ४०० एमबीची म्हणजे ७०० एमबीच्या सीडीत आरामात मावते, पण ती उबंटू २०.०४ वर आधारलेली २०२० ची आहे, त्यामुळे मी ती ऑफलाइन कामाला, डेटा काढायला वगैरे वापरा म्हणेन, बँकेचे व्यवहार त्यावर नकोत. बुकवर्मची साइज आधी बघा, सीडीत मावत नसेल तर डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह. ३२-बिट मशीनसाठी बुकवर्मपप३२ आहे. फक्त मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठी नवीन फायरफॉक्स देणं थांबवलंय, तेव्हा अशा मशीनकडून टायपिंग, गाणी, पीडीएफ एवढीच अपेक्षा धरा.

आयएसओ डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते ओळखायचा साइटवर दिलेला कोड) जुळवून बघा, कंटाळा करू नका, अर्धवट उतरलेली फाइल पुढे अशा काही विचित्र एरर देते की माणूस हार्डवेअरलाच दोष देत बसतो. विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून बर्न डिस्क इमेज हाच पर्याय घ्या आणि व्हेरिफायला टिक करा. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून सीडीवर टाकली तर ती बूट होणार नाही, हे खूप जणांचं होतं. बूट होणारा पेनड्राइव्ह करायचा तर विंडोजवरचं रुफस हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, जुन्या बायॉसवाल्या (मशीन सुरू करणारी आतली जुनी प्रणाली) मशीनसाठी त्यात पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करून घ्या.

मग बूट मेन्यू, म्हणजे कशावरून चालू व्हायचं ते निवडायची यादी, त्यासाठी लॅपटॉप चालू करताच ही बटणं दाबा. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला पण एफ१२ च, पण बऱ्याचदा तो आधी एफ२ दाबून बायॉसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. २०१२ नंतरच्या मशीनमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम चालू होऊ न देणारी सोय) असतं, ते बायॉसमध्ये बंद करा. डेस्कटॉप आला की भाषा, टाइमझोन, कीबोर्ड विचारणारी छोटी खिडकी येते, तिथे एशिया/कोलकाता निवडा, झालं. इथे आयकॉनवर एकच क्लिक करायचा, विंडोजच्या सवयीने डबल क्लिक केलात तर तीच गोष्ट दोनदा उघडते. तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून आत आलेले असता, पासवर्ड विचारला तर तो वूफवूफ, सगळी छोटी अक्षरं, डब्ल्यू-ओ-ओ-एफ दोनदा.

इन्स्टॉल न करता लगेच करता येण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे बंद पडलेल्या विंडोजमधून फोटो आणि फाइली बाहेर काढणं. डेस्कटॉपच्या खालच्या बाजूला ड्राइव्हचे आयकॉन दिसतात, हव्या त्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) क्लिक केलं की ते माउंट होऊन, म्हणजे सिस्टीमला जोडलं जाऊन, उघडतं, पेनड्राइव्हही तसाच उघडा, दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि फोल्डर ओढून टाका. सोडल्यावर छोटा मेन्यू येतो, मूव्ह, कॉपी, लिंक वगैरे, तिथे कॉपीच निवडा, मूव्ह नको, कारण मरत आलेल्या डिस्कवर मूव्ह अर्ध्यात अडकलं तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. काम झालं की पेनड्राइव्ह अनमाउंट करूनच काढा. विंडोजचं पार्टिशन फक्त रीड-ओन्ली उघडतंय असं दिसलं तर ते बहुतेकदा फास्ट स्टार्टअपमुळे असतं, विंडोज पूर्ण बंद न होता झोपलेलं असतं. नुसत्या फाइली बाहेर काढायला रीड-ओन्ली पुरतं. त्यात काही लिहायचंच असेल आणि विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग परत या.

आता कायमचं वापरायचं असेल तर. पहिल्यांदा शटडाउन करताना सेव्ह करायचं का असं विचारतं, हो म्हणा. एक्स्ट४ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) पार्टिशनवर ठेवत असाल तर सेव्ह फोल्डर निवडा, त्याला साइजची मर्यादा नसते, डिस्कवर जागा आहे तोवर वाढत जातो. फॅट३२ किंवा एनटीएफएसवर (विंडोजचे फॉरमॅट) सेव्ह फाइल करावी लागते, तिला सुरुवातीला १ जीबी द्या, नंतर मेन्यूतून वाढवता येते, पण फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. हार्डडिस्कवर टाकायची तर फ्रुगल इन्स्टॉलच करा. त्यात त्या मोजक्या फाइली एका फोल्डरमध्ये जातात आणि बूटलोडर (चालू करताना कुठली सिस्टीम ते निवडू देणारा प्रोग्राम) टाकला जातो, पार्टिशन मोडायची गरज नाही, विंडोज शेजारी राहू शकतं. फुल इन्स्टॉलचा पर्यायही दिसेल पण घेऊ नका, पपीचा सगळा फायदाच त्यात जातो, ना रॅममधला वेग ना सुरक्षित मूळ सिस्टीम.

पेनड्राइव्हवरून चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा. पेनड्राइव्ह झिजू नये म्हणून पपी बदल लगेच लिहीत नाही, ठराविक वेळाने लिहिते किंवा तुम्ही डेस्कटॉपवरचा सेव्ह आयकॉन दाबला की. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेलीच असते, आणि आपल्याकडे गावाला लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा महत्त्वाचं काही केलं की लगेच सेव्ह दाबायची सवय लावा. त्याहून चांगलं म्हणजे कागदपत्रं, फोटो सेव्ह फाइलमध्ये ठेवूच नका, बाहेर पार्टिशनवर सरळ ठेवा, मग सेव्ह फाइल बिघडली तरी ती शाबूत राहतात.

मराठी साइट उघडली आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका, देवनागरी फॉन्ट नाहीये एवढंच. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यातला कुठलाही टीटीएफ फॉन्ट उतरवा, यूएसआर फोल्डर उघडा, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स, आणि फाइल तिथे टाका. मग टर्मिनलमध्ये एफसी-कॅश ही कमांड द्या, एफ-सी, डॅश, सी-ए-सी-एच-ई, आणि ब्राउझर बंद करून परत उघडा. जोडाक्षरं सुद्धा नीट दिसायला लागतात.

आता अडचणी. बूट होताना एसएफएस फाइल सापडली नाही असं येऊन काळ्या स्क्रीनवर थांबलं तर आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा, निळ्या यूएसबी ३ ऐवजी साध्या यूएसबी २ ला, बऱ्याचदा तेवढ्याने होतं. नाहीतर परत बनवा. सीडी असेल तर कमी स्पीडला पुन्हा बर्न करा. बूट होतंय पण डेस्कटॉपच्या जागी स्क्रीन काळी, तर ग्राफिक्सची भानगड आहे. पपीच्या स्वतःच्या बूट मेन्यूत कर्नलच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द जोडा (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी). तरी नाही आलं तर पीफिक्स, बरोबरचं चिन्ह, नॉक्स असं मधे स्पेस न देता लिहा (पी-एफ-आय-एक्स आणि एन-ओ-एक्स), मग नुसती कमांड लाइन येते, तिथून एक्सऑर्गविझार्ड (एक्स-ओ-आर-जी-डब्ल्यू-आय-झेड-ए-आर-डी) चालवून ड्रायव्हर निवडता येतो.

आवाज येत नसेल तर नव्वद टक्के वेळा एचडीएमआयला पहिलं साउंड कार्ड धरलेलं असतं, मेन्यूतल्या साउंड कार्ड विझार्डमध्ये जाऊन बदला. वायफाय दिसतच नसेल तर आधी लॅपटॉपचा बाजूचा स्विच बघा, मग कार्ड ब्रॉडकॉमचं आहे का बघा, त्यांना वेगळं फर्मवेअर (कार्ड चालवणारी फाइल) लागतं, तोवर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, केबलचं नेट आल्यासारखं ते धरतं आणि त्यावरून फर्मवेअर उतरवता येतं.

नेट जोडलंय पण प्रत्येक साइट सर्टिफिकेटची एरर देतेय, तर घड्याळ बघा! जुन्या मशीनचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारी आतली छोटी बॅटरी) संपलेला असतो, तारीख मागे कुठल्यातरी वर्षावर जाते आणि मग ब्राउझर एकाही एचटीटीपीएस साइटवर विश्वास ठेवत नाही. तारीख दुरुस्त करा आणि जमलं तर सेल बदलून घ्या, बहुतेक मशीनमध्ये तो सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो, फक्त लॅपटॉपमध्ये काही वेळा तो वायरवाला असतो तो उघडून बघूनच घ्या.

आणि एखादं सॉफ्टवेअर टाकल्यापासून सगळंच बिनसलं असेल तर पीफिक्स, बरोबर, रॅम असं देऊन बूट करा. सेव्ह फाइल बाजूला ठेवून अगदी कोरी सिस्टीम उघडते. तशी नीट चालली तर दोष सेव्ह फाइलमध्ये आहे हे कळलं, मग पीफिक्सला एफएससीके देऊन ती तपासून घ्या. त्यानेही नाही सुधारलं तर जुनी सेव्ह फाइल दुसऱ्या नावाने बाजूला काढा, आतल्या हव्या त्या गोष्टी उचला आणि नवीन सेव्ह फाइल करा. यापुढे सगळं नीट चालत असेल त्या दिवशी कोरं बूट करून सेव्ह फाइलची एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून ठेवा, मग परत कधी बिघडलं तर ती कॉपी जागेवर ठेवली की झालं.