बिग अनुदानाचा अर्ज: उद्दिष्ट मोजता येईल असं कसं केलं

जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटमध्ये, म्हणजे ‘बिग’मध्ये, कमाल 50 लाख रुपये आणि 18 महिने मिळतात. हे पैसे कल्पना चालते हे सिद्ध करण्यासाठी असतात, उत्पादन बाजारात आणण्यासाठी नव्हे. नवजात बाळांची कावीळ त्वचेवरून मोजणाऱ्या उपकरणाच्या आमच्या अर्जात नेमकी हीच गल्लत होती. उद्दिष्ट एवढंच, ‘उपकरण विकसित करून चाचणी घेणे’. आणि खर्चात साच्यांपासून जाहिरातीपर्यंत सगळं.

दुरुस्ती उद्दिष्टापासून केली. पहिले 6 महिने फक्त टेबलावरची चाचणी: वेगवेगळ्या वर्णछटांच्या कृत्रिम त्वचेवर प्रत्येकी 10 वाचनं, आणि त्यांत किती फरक चालेल तो आकडा आधीच लिहिलेला. त्यानंतरच बाळांवरची चाचणी, रक्तातल्या बिलिरुबिनशी, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याशी, तुलना करून. इथे एक गोष्ट हमखास सुटते. फोटोथेरपीनंतर, म्हणजे काविळीवरच्या प्रकाशोपचारानंतर, त्वचेवरचं वाचन रक्तापेक्षा कमी येतं, म्हणून अशी बाळं वेगळ्या गटात ठेवावीत. दोन्ही वाचनं सोबत वाढतात-घटतात एवढं सांगणारा नुसता सहसंबंधही पुरत नाही. दोन पद्धतींतला फरक ब्लँड-ऑल्टमन आलेखाने दाखवावा; त्यात प्रत्येक बाळाच्या दोन वाचनांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडतात.

रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी यायला वेळ लागतो. तिचा अर्ज आराखड्यात पहिल्याच महिन्यात घेतला. हप्ते टप्प्यांच्या पूर्ततेवर सुटतात, त्यामुळे परवानगी अडकली की पगारही अडकतात.

जाहिरात आणि साचे काढून टाकले. ती रक्कम संख्याशास्त्रज्ञाच्या मानधनाकडे वळवली.